पुंडलिकभाऊंचे जिवंत दगड

आमच्या हिंगणघाटहून समुद्र शोधायला कोणत्याही बाजूनं निघा, दिवस मोडतो. पण शेजारच्या पुंडलिकभाऊंच्या बैठकीत तो आहे. काचेच्या पेटीत, अगदी खारट. आत एकच मासा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. बाकी सगळे दगड. त्यांना नुसतं दगड म्हटलेलं मात्र चालत नाही.

"जिवंत दगड हायेत ते, वैनी! जीव हाय त्यात."

त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, तेच पाणी साफ ठेवतात, हे ते दूधवाल्यालाही उभं करून समजावतात. दूध तिकडे नासलं तरी चालेल. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर माणसं गिरडच्या दर्ग्याला जाऊन येतात, गुडघ्यांना तेल लावतात. यांनी समुद्र विकत घेतला.

तर त्या दगडांवर शेवाळ चढलं. हिरवंगार, केसांसारखं. भाऊ चिमटा घेऊन निंदायला बसले. "आज निंदलं का परवा तेवढंच! याच्यापरीस वावरातल्या पऱ्हाटीतलं गवत बरं."

शेवटी मुंबईच्या दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, असंच राहिलं तर मासा जाईल. दगड बदला, पण सगळे एकदम नको. थोडे जुने राहू द्या, त्यांतले जीव नव्यांत उतरतील.

मी म्हटलं, "म्हंजे विरजणच की!"

"दह्याची अन् समुद्राची बरोबरी करता का, वैनी?" भाऊ रुसले. दुसऱ्या दिवशी गल्लीभर 'विरजण, विरजण' सांगत हिंडले, जणू त्यांनाच सुचलं.

काढलेले दगड अंगणात वाळत घातले. असा वास सुटला की समोरच्या कुसुमनं विचारलं, "काऊन जी भाऊ, समुद्र वारला का तुमचा?"

नवे दगड बसले आणि थोड्याच दिवसांत तेही हिरवे. का, ते मला एका दुपारी कळलं. भाऊ पेटीसमोर ताट घेऊन बसलेले. एक घास स्वतःला, एक चिमूट दाणा माशाला. चहा झाला, चिमूट. सुपारी झाली, चिमूट. मासा खाणार किती? उरलेलं तळाशी सडायचं आणि शेवाळाची पंगत बसायची.

"भाऊजी, एवढं खाऊ घालून राह्यले, मंग शेवाळ नाई तर काय उगवन? सकाळी एकदाच द्या."

"त्याच्यासमोर मी एकटाच गिळू?"

"मंग मारा त्याले लाडानं!"

भाऊंनी हातातली चिमूट परत दाण्याच्या डब्यात टाकली. मलाच कसंतरी वाटलं.

परवा जेवणाच्या वेळेला ताक द्यायला गेले. काच लख्ख. मासा दगडाआडून मजेत डोकावत होता. भाऊ मात्र बैठकीत नव्हते. ते मागच्या दारी, पायरीवर, भिंतीकडे तोंड करून जेवत होते.

"इथं काऊन बसले, भाऊजी?"

"हळू बोला. ताट वाजलं का काचेजवळ येते तो. मले पाहून राह्यते."

मी ताक ओतलं आणि पायरीवर टेकले. त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली. "घ्या न वैनी. थोडी तरी."

मी घरून पोटभर जेवून आले होते. तरी घेतली.