धुडकूआबांचं एक मत

धुडकूआबा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहतात ते पडायला. प्रचारही तसाच करतात. साक्रीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात ते दारोदार हात जोडून सांगतात, "माले मत देऊ नका. पन जाईसन बटन दाबा."

याचं कारण 'बिनविरोध' हा शब्द. आमच्या वॉर्डात पुंडलिकभाऊंसमोर कुणी अर्ज भरत नाही. गावाचं एकमत झालं म्हणून पेढ्यांची तयारी होते, आणि शेवटच्या दिवशी आबा धोतराचा सोगा सावरत तहसीलला पोचतात. पेढे लांबतात.

"बिनविरोध म्हंजे आख्खं गाव झोपेल शे," ते म्हणतात. "सोतंतर म्हंजे काय? 'नही' म्हनता येवाले पाहिजे. मंग समोर दुसरं नाव नको का?"

माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत जो तो राजकारण बोलतो, त्यामुळे लोकशाहीवर माझा फारसा जीव उरलेला नाही. पण माझ्याकडे मोटारसायकल आहे, म्हणून मतमोजणीला आबांचा प्रतिनिधी दर वेळी मीच.

चार निवडणुका झाल्या. चारही वेळा आबांना एक मत पडलं. ते त्यांचं स्वतःचं नव्हे. "सोताले मत देनं म्हंजे सोतानी आरती सोता ओवाळनं," म्हणून आबा स्वतः पुंडलिकभाऊंना देतात. मग हे मत कुणाचं? गिरणीत यावर पोतीच्या पोती दळून झाली. कुणी म्हणे, एखाद्या म्हातारीचं बोट घसरलं असेल.

आबांच्या बायकोवर, केसरअक्कांवर, कुणाचा संशय नव्हता. अक्का चौकात उभ्या राहून सांगायच्या, "मी तर पुंडलिकले मत देसू! या मानूसले काय भेटस यामा?" घरात सत्ता पूर्ण त्यांची होती. ग्रामसभेत सरपंचाला नियम ऐकवणारे आबा घरी चहात साखर कमी पडली तरी हरकत नोंदवत नसत.

"अक्काले एकदा इचारी टाका ना," मी गमतीने म्हणायचो. आबा कानाला हात लावायचे. "गुप्त मतदान शे. नवरा शे म्हनीसन काय व्हयनं?"

गेल्या वर्षी अक्का गेल्या.

यंदाही आबांनी अर्ज भरला. पण प्रचारात आवाज लागेना. मतदानाच्या आदल्या दिवशी ते गिरणीत येऊन बसले. म्हणाले, "यंदा एक पडनं तर कोनी दुसराच व्हता. नही पडनं तर..." आणि पिठाच्या डब्याचं झाकण लावत, काढत राहिले.

खरं सांगतो, आबांना भोपळा नको म्हणून मी माझं मत त्यांनाच द्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरलाच नाही. पण यंत्रासमोर उभा राहिलो आणि गिरणीपुढची तुंबलेली गटार आठवली. पुंडलिकभाऊंनी ती बांधून द्यायचा शब्द दिला होता. बोट तिकडे गेलं. बाहेर आलो तेव्हा माझी मलाच लाज वाटत होती.

साक्रीला मोजणी झाली. अधिकाऱ्यांनी आबांचं नाव वाचलं आणि म्हणाले, "शून्य."

पुंडलिकभाऊंच्या माणसांनी गुलालाची पिशवी घेऊन दाराकडे धाव घेतली. मी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनाची दोन वाक्यं पाठ करून आणली होती. पण आबांचा चेहरा एवढा उजळला होता, की पुंडलिकभाऊंनी घाबरून आकडा पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा शून्यच.

"तीच व्हती," आबा म्हणाले. "चारी येळा."

येताना ते माझ्या मागे बसले होते. गावाच्या फाट्याशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, पण उतरले नाहीत. माझ्या पाठीला कपाळ टेकवून म्हातारा रडला. मी हँडल धरून बसलो.

मग आबा म्हणाले, "इचारी लेवाले पाहिजे व्हतं रे तिले. कायदा धरीसन बठनू मी."