अक्काच्या पंपांचा पोळा

पोळ्याच्या दिवशी आमची अक्का पंपांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवते. पंप म्हणजे विहिरीवरचे नव्हेत. माशांच्या काचेच्या टाकीतले, मुठीत मावतील एवढे दोन. एक बुडबुडे सोडतो, दुसरा पाणी फिरवतो. एकाचं नाव सोन्या, दुसऱ्याचं माणक्या. फुलंब्रीला आमच्या वडिलांच्या दावणीला ह्याच नावांचे बैल होते.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून सिडकोतल्या घरात एकटीच असते, आणि माझं घर मागच्या गल्लीत, म्हणून तिचे सगळे हुकूम माझ्यावर सुटतात. टाकी तिच्या मुलाची, संदीपची. नोकरीला कॅनडाला निघताना तो म्हणाला, "आई, मासे सांभाळ." झालं! खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारंगी मासे. ज्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं ऑफिसला दांडी मारतात, तिथं ही बाई दिवाणखान्यात समुद्र मांडून बसली आहे.

एकदा मी सहज म्हणालो, "पाणी आटलंय, मीठ कालवून भरू का?"

"आटलं ते पाणी. मीठ हाय तिथंच हाय. आणखी घालून लोणचं घालतोस का माशांचं?"

तिचं पालुपद एकच. "वरचं पाणी हलतं ठेवा." पाहुण्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागतं. वरचं पाणी हललं तरच हवा आत शिरते, नाही तर मासे गुदमरतात. सोयगावला तिच्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हा हातात अक्षता धरून तिनं मला फोन लावला. "लाईट हाय का रं तिकडं?" मागं मंगलाष्टकं चालू! मी अर्थात लग्नाला नव्हतो, टाकीच्या राखणीला होतो.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत. म्हणून त्या दिवशी सोन्या-माणक्याला सुट्टी, आणि जुंपायचं मला. स्टुलावर बसून लोट्यानं टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून परत ओतायचं. माझी बायको म्हणते, "वर्षातून एक दिवस तरी कामाला लागता, बरंय की!"

यंदा पोळा नेमका रविवारी आला. रविवारी संध्याकाळी संदीपचा व्हिडिओ कॉल असतो. त्यातच माणक्या आठवडाभर घरघरत होता. "खांदा दुखत असंल त्याचा," अक्काचं निदान. बैलांची खांदमळणी आदल्या दिवशी करतात, पण रात्रभर पंप कसे काढून ठेवणार? म्हणून तिनं ती पोळ्याच्या सकाळीच उरकली. दोन्ही पंपांना लोणी-हळद चोळली, कुंकू लावलं. संध्याकाळी धुऊन पुसून टाकीत सोडले. आता गार पाण्यानं लोणी जातं होय?

मी हात झटकून चहा घेत होतो, तेवढ्यात तिची हाक आली. दोन्ही मासे वर येऊन तोंडं वासत होते. पंप चालू होते, बुडबुडे येत होते, पण पाण्यावर पिवळसर तवंग पसरला होता. हवा आत शिरणार कुठून!

"लोणी!" अक्का कपाळावर हात मारून म्हणाली. "मीच कोंडलं रं लेकरांना!"

रडली मात्र नाही. पदर खोचला आणि पाहुण्यांसाठी जपलेले कागदी रुमाल फडताळातून काढले. एकेक रुमाल पाण्यावर अलगद पसरायचा, तवंग टिपला की उचलायचा. पंपही काढून गरम पाण्यानं घासले आणि परत सोडले. मी पुन्हा लोटा घेतला. माझे खांदे भरून आले. "अक्का, मासेच आहेत. मेले तर दुसरे आणू."

"आण की! आन् संदीपला काय सांगू?" तिचे हात थांबले नाहीत. "तो विचारतो, कशी हायेस. मी म्हणते, बरी हाय. संपलं. पुढं काय बोलावं, मला लई सुचत नाय. मासे हायेत म्हणून तो अर्धा तास बोलतो माझ्याशी. पाणी ओत तू!"

मी ओतलं. खांदे गेले खड्ड्यात.

फोन वाजला तेव्हा तवंग गेला होता आणि मासे खाली उतरले होते. अक्कानं मोबाईल टाकीसमोर धरला आणि काहीच घडलं नाही अशा थाटात सुरू झाली. धाकटा मासा काय खातो, थोरला कसा रुसतो. संदीप विचारत होता, ती सांगत होती. मग मला पुरणपोळी आणायला ती आत गेली आणि फोन माझ्या हातात आला.

मी वैतागून म्हणालो, "काय रे, एवढा जीव आहे तुझा त्या माशांवर?"

त्यानं आवाज उतरवला. "मामा, खरं सांगू? आता नाही राहिला. पण आईला कशी आहेस विचारलं, की बरी हाय म्हणते आणि गप्प होते. मासे विचारले की भरभरून बोलते. तेवढाच तिचा आवाज ऐकायला मिळतो. तिला सांगू नका हं."

फोन ठेवला, तोवर अक्का ताट घेऊन बाहेर आली.

"काय म्हणला?"

"म्हणाला, लाट जरा कमी वाटते. पुढच्या रविवारी नीट दाखव म्हणाला."

"व्हय?" ताट माझ्या मांडीवर ठेवून ती टाकीकडे धावली, बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि माणक्याचं तोंड जरा वर केलं. "आता बघ म्हणावं!"