वाघ आधी, चित्र मागून

एका जंगलात एक पाणवठा होता. कोणतं जंगल ते विचारू नका. तुम्ही लगेच चिवड्याच्या पिशव्या घेऊन सहलीला जाल आणि रिकाम्या पिशव्या तिथंच टाकून याल.

पाणवठा एकच होता आणि पिणारे पुष्कळ. त्या पिणाऱ्यांत एक वाघही होता. तो नुसतं पाणी पीत नसे, सोबत काहीतरी खातही असे. तुम्ही नाही का चहाबरोबर बिस्किट घेत? तसंच ते.

म्हणून जंगलानं एक युक्ती केली. काठावरच्या जांभळीला कॅमेरा बांधला. त्याची तार टेकाडामागच्या गुहेत नेली आणि तिथं एक संगणक मांडला. आधी गुहेत यायचं, पडद्यावर काठ बघायचा, वाघ नसला तर खाली जाऊन पाणी प्यायचं. वीज कुठून आली असं विचारणाऱ्या पोरानं शेवटच्या बाकावर जाऊन बसावं.

संगणक जुना होता. माणसांनी फेकून दिलेला होता, यावरूनच ओळखा. माणूस वस्तू सहसा फेकत नाही, माळ्यावर टाकतो. त्या संगणकात लिनक्स घातलं होतं. लिनक्स म्हणजे संगणक चालवायची एक फुकट मिळणारी विद्या. तिच्या निशाणावर पेंग्विन असतो. त्या जंगलात पेंग्विन कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना त्याच्याबद्दल फार आदर होता.

सगळं झकास होतं. फक्त चित्र हळू चालायचं.

हळू म्हणजे किती? काठावर बगळा उतरला की पडद्यावर आधी त्याचे पाय यायचे. मग बराच वेळ काहीच नाही. मग चोच यायची. तोवर खरा बगळा मासा गिळून घरी गेलेला असायचा. वाघाचंही तेच. आधी वाघ यायचा, मग वाघाचं चित्र यायचं.

हे तानीला कळलं ते असं. तानी ही भेकरीण. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. एके दिवशी तानीनं पडदा पाहिला, काठ रिकामा दिसला. ती खाली गेली, पाण्याला तोंड लावलं, आणि मागून झेप आली. तानी निसटली, पण तिचा अर्धा कान तिथंच राहिला. ती धापा टाकत गुहेत परतली, तर पडद्यावर वाघ आत्ता कुठं झुडपातून डोकं बाहेर काढत होता.

"बघ, आला!" दाजीबा साळिंदर म्हणाला. यंत्र त्याच्या ताब्यात असे. "यंत्र कधी चुकत नाही, मी म्हटलं नव्हतं?"

"माझा कान दिसतोय का त्यात?" तानीनं विचारलं.

"दिसेल, दिसेल. जरा धीर धर."

त्या दिवसापासून तानीनं पाणवठ्याचं नाव टाकलं. पण दिवस उन्हाळ्याचे होते. पाला वाळून गेलेला, त्यात ओल नव्हती. आणि घरात सासू होती. सासूचं नाव गुंजाबाई. पाय अधू, डोळ्यांनी कमी दिसे. तानीच्या आधाराशिवाय तिला टेकाड उतरवत नसे. जीभ टाळूला चिकटली होती, तरी बोलायची थांबत नव्हती.

"सूनबाई, मी मरायला भीत नाही हो," गुंजाबाई म्हणाली. "फक्त तहानेनं मरायचं की वाघाच्या हातून, ते एकदा नक्की करून सांग. म्हणजे तशी तयारी करते."

तानीनं सासूच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं आणि तडक गुहा गाठली. "दाजीबाभाऊ, हे चित्र नीट करा. उद्यापर्यंत पाणी मिळालं नाही तर म्हातारी जाईल."

दाजीबानं सभा बोलावली. जंगलात काही बिघडलं की आधी सभा बोलावतात. म्हणजे बिघडलेलं सगळ्यांना सारखं वाटून घेता येतं.

पहिला उठला झिपऱ्या माकड. पडद्याची सजावट त्याच्याकडे होती. पडद्यावर चौकट उघडली की ती अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी थरथरायची. मिटली की जळून तिची राख व्हायची. वरून पिवळी पानं गळत राहायची. बाहेर जंगलभर खरी पानं गळत होती, आणि ही मंडळी गुहेत बसून खोटी पानं बघत होती. हसू नका. तुमच्याही घरात मोबाइलवर पाऊस बघणारा एखादा काका असेल.

"ती पानं काढ बघू आधी," तानी म्हणाली.

"पानं काढू? मग राहिलं काय?" झिपऱ्याचा चेहरा पडला. पण सगळ्यांनी डोळे वटारले, तेव्हा त्यानं पानं काढली, थरथर काढली, राखही झाडली. चित्र होतं तसंच. आता नुसतंच हळू, आणि बोडकं.

मग भिकाजीपंत घुबड खाकरले. "प्रश्न विचारायची ही रीत नव्हे. आधी यंत्राचं कूळ सांगा. आवृत्ती सांगा. या विषयावर पूर्वी झालेल्या चर्चा वाचून या. मग बोलू."

"पंत, घरी म्हातारी तहानलीय."

"तहान? त्याचा विभाग वेगळा आहे."

कोपऱ्यातून तरस म्हणालं, "माझ्या यंत्रावर तर मस्त चालतं."

"तुझ्याकडे यंत्र आहे?"

"नाही. पण असतं तर मस्तच चाललं असतं."

मग खरं भांडण पेटलं. लिनक्स एकच, पण त्याचे प्रकार, म्हणजे जाती, फार, बरं का. आणि एका जातीचे लोक दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी पीत नाहीत. इथं मुळात पाणीच नव्हतं, तरी न पिण्याचा ठराव झाला. कुणी म्हणालं ही जात काढा, ती घाला. घातली. चित्र हळूच. ती काढली, तिसरी घातली. चित्र हळूच. प्रत्येक वेळी पुढारी म्हणायचे, आता फरक वाटतोय. डोळे बारीक करून पाहिलं की सगळ्यांनाच फरक वाटायचा.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. जंगलात कुणाला सांगू नका, कारण सांगून उपयोग नाही.

संगणकाच्या पेटीत दोन गडी असतात. एक हिशेब करतो. दुसरा चितारी, तो फक्त चित्रं काढतो. हे यंत्र गुहेत पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा चितारी आजारी होता, पडदा काळाच राहिला. वरून एक कावळा चालला होता. तो म्हणाला, "सुरू व्हायच्या ओळीत एक शब्द लिहा. नोमोडसेट." दाजीबानं लिहिला. पडदा उजळला. कावळा उडून गेला.

त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की चितारी निजलाय, त्याला उठवू नका. मग चित्रं काढायची कुणी? बिचाऱ्या हिशेब्यानं. तो एका हातानं बेरीज करायचा आणि दुसऱ्या हातानं बगळा काढायचा. पुढं चितारी केव्हाच बरा झाला. पण दारावर पाटी तीच, मग उठवणार कोण?

अर्थ कुणी विचारलाच नव्हता. उलट दाजीबानं तो शब्द गुहेच्या भिंतीवर कोरून त्याला शेंदूर लावला होता. सशांच्या पिल्लांना ताप आला की त्यांच्या आया तो शब्द कानात म्हणून जायच्या. नवी जात घालताना दाजीबा अंघोळ करून आधी तो शब्द लिहायचा, मग पुढचं काम.

तानीची नजर त्या शेंदराकडे गेली. "हे काय आहे?"

"हळू बोल! त्याच्यामुळेच यंत्र चालतं."

"सांगितलं कुणी?"

"कावळ्यानं."

"कावळा कुठाय?"

"उडून गेला."

"मग त्याचा शब्दही उडवा."

सभेत हाहाकार माजला. दाजीबाचे काटे ताठ उभे राहिले. "पडदा काळा पडला तर? अख्खं जंगल आंधळं होईल, आहेस कुठं!"

"आणि आत्ता डोळस आहे, नाही का?" तानीनं अर्धा कान पुढं केला. "पुसता, की सासूबाईंना इथं आणून बसवू? पाणी मिळेपर्यंत त्या तुमच्याशी बोलत बसतील."

दाजीबा गुंजाबाईला ओळखून होता. त्यानं डोळे मिटले आणि सुरू व्हायच्या ओळीतून शब्द पुसला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा काळा पडला.

"मी सांगत होतो!" भिकाजीपंत कडाडले.

मग पडदा लखकन उजळला. काठ दिसला. पाणी हलत होतं, खरं पाणी हलतं तसं. चतुराचे पंख दिसत होते. वाघ पाणी पीत होता, त्याच्या मिशांवरचा थेंब न् थेंब दिसत होता. तो उठला, आळस दिला आणि झुडपात गेला. गेला म्हणजे लगेच गेला, पडद्यावर शेपूट मागं राहिली नाही.

"हेच मी सांगत होतो," भिकाजीपंत म्हणाले.

तानी धावत जाऊन सासूला घेऊन आली. काठ अजून रिकामा होता. "चला सगळे! वाघ नाहीये!"

कुणी हललं नाही.

"थांब गं," झिपऱ्या म्हणाला. त्यानं पानं, थरथर, राख सगळं पुन्हा लावलं होतं, आणि आता तेही सुसाट चालत होतं. "तरंग बघ कसा उठतोय!"

"तो तरंग खाली जाऊन पिता येतो."

"इथून इतका छान दिसतो. तिथं जाऊन काय वेगळं दिसणार आहे?"

बातमी पसरली. ससे आले, सांबरं आली, रानडुकरं पिलावळ घेऊन आली. गुहा खच्चून भरली. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे, सगळ्यांच्या पाठी दाराकडे. तहान सगळ्यांना लागली होती, पण उठलं तर जागा जाईल ही भीती मोठी होती.

"बसू द्या त्यांना," गुंजाबाई म्हणाली. "मला धर, सूनबाई."

दोघी खाली उतरल्या. वाटेत वाघाची ताजी पावलं लागली. ती काठाकडे जात नव्हती, टेकाडाच्या पलीकडच्या अंगानं वर, गुहेकडे गेली होती. तानी थबकली. मग तिनं सासूला घाईघाईनं पाण्यापाशी नेलं आणि टेकाडाकडे तोंड करून जीव खाऊन भुंकली. भेकराचं भुंकणं म्हणजे वाघ आल्याची वर्दी, हे जंगलातल्या पोराटोरांनाही ठाऊक.

गुहेत सगळ्यांनी ते पडद्यावर पाहिलं.

"अरे, भुंकताना तिचे दातसुद्धा दिसतात!" दाजीबा म्हणाला.

"पण भुंकतेय कशाला? काठावर वाघ आहे का?"

सगळ्यांनी निरखून पाहिलं. वाघ नव्हता. या कोपऱ्यात नव्हता, त्या कोपऱ्यात नव्हता.

"वाघ नसणं इतकं स्वच्छ मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," भिकाजीपंत गहिवरून म्हणाले.

"जरा सरकून बसा," मागून कुणीतरी जड आवाजात म्हणालं. आणि मंडळी, मागं वळून न बघता, सरकून बसली.

तात्पर्य: जुन्या संगणकावरचं चित्र रखडत असेल तर ती देवाची कृपा समजावी आणि त्याला हात लावू नये. रखडणाऱ्या चित्रापुढं माणूस फार वेळ टिकत नाही, वैतागून उठतो, आणि उठलेला माणूस वाचतो. तरीही ज्याला ते पळवायचंच असेल त्यानं खुशाल पळवावं. फक्त गुहेला आधी मागून एक दार करून घ्यावं.