घरातील चीजवस्तू व इतर

खालच्या मजल्यावर इस्त्री चालू राहून निम्मं घर जळालं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांनी आपल्या घरातल्या चीजवस्तूंचा विमा उतरवायचं ठरवलं. निर्णय शहाणपणाचा होता. कंपनीचा फॉर्म अठरा पानी निघाला, ही तर त्यांच्या दृष्टीने पर्वणीच. चौतीस वर्षं त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसांना एकच प्रश्न विचारला होता : "पुरावा?" त्यामुळे ऑफिसात त्यांना पुरावासाहेब म्हणत. तोंडावर नाही.

तीन दिवस खपून त्यांनी यादी केली. एकशे बारा वस्तू. 'मालक' या रकान्यात वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली एकशे अकरा वेळा 'वरीलप्रमाणे'.

चौथ्या दिवशी कंपनीच्या सर्वेक्षक बाई आल्या.

"फ्रिज. मालकीचा पुरावा?"

हा प्रश्न या बाजूने ऐकायची साहेबांना सवय नव्हती. "अहो, माझ्याच स्वयंपाकघरात उभा आहे की!"

"स्वयंपाकघरात झुरळंही असतात, काका. पावती?"

पावत्या साहेबांनी कधी ठेवल्या नव्हत्या. 'कशाला तो कचरा' म्हणायचे. तो कचरा त्यांच्या बायकोने पत्र्याच्या डब्यात जपला होता. डबा उघडला. फ्रिज बायकोच्या नावावर. कपाट, पलंग, पंखे, शिलाई मशीन, सगळं तिच्याच. वॉशिंग मशीन लेकीच्या पहिल्या पगारातलं. बायकोच्या प्रत्येक पावतीमागे पेन्सिलीने नोंद : 'शाळेचे दोनशे गणवेश शिवून.' 'एकशे ऐंशी गणवेश, काजांसकट.' साहेब वाचतच राहिले. फ्रिज आला तेव्हा त्यांनी ऑफिसात मिठाई वाटली होती, मी फ्रिज घेतला म्हणून.

"मग माझा पगार गेला कुठे?"

"खाल्ला आपण," बायको म्हणाली. "दूध, भाजी, वीज, शाळेची फी."

"खाल्लेल्या वस्तूंचा विमा होत नाही," सर्वेक्षक बाईंनी खेदपूर्वक नमूद केलं.

घरही बायकोच्याच नावावर होतं. बाईमाणसाच्या नावावर घेतलं की नोंदणीत सूट मिळते, ही युक्ती साहेबांचीच.

"मग तुमचा या घराशी संबंध काय?"

"नवरा!"

"पुरावा?"

लग्नाची नोंदणी 'बघू नंतर' म्हणून राहून गेली होती. अल्बम आला. फोटोत नवरी स्वच्छ दिसत होती; नवऱ्याच्या तोंडापुढे नेमका कुणाचा तरी हात आला होता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "यावरून काकूंचं लग्न झालंय हे सिद्ध होतं. कुणाशी, हे नाही."

सबब साहेबांची नोंद 'इतर रहिवासी' या सदरात झाली. त्यासाठी घरमालकिणीचं ना-हरकत पत्र आवश्यक होतं.

"अगं, सही कर पटकन."

बायको मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "अर्ज करा. लेखी. दोन प्रतींत."

"घरातल्या घरात अर्ज?"

"माझ्या विधवा बहिणीला एका दाखल्यासाठी तुम्ही अकरा खेपा घालायला लावल्यात. ती काय बाहेरची होती?"

त्या खेपा नियमानुसारच होत्या, एवढंच साहेबांना सुचलं. त्यांनी कोरा कागद पुढ्यात ओढला.

अर्ज दिला. परत आला. शेरा : 'हयातीचा दाखला जोडावा.' जोडला. पुन्हा परत : 'अर्जदाराचा घरास उपयोग काय, ते स्पष्ट करावे.'

या एका ओळीपुढे साहेब अख्खी दुपार पेन उघडं धरून बसले. शाई वाळली. मग ते उठले, बाजारातून स्वतःच्या नावाची पावती घेऊन एक बादली आणली आणि तीन मजल्यांचा जिना धुऊन काढला. जन्मात पहिल्यांदा. तेवढंच अर्जात लिहिलं. लेकीने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

ना-हरकत मिळाली. मुदत एक वर्ष. वर्तणूक पाहून वाढ.

यथावकाश पॉलिसी आली. एकशे बारा वस्तू मायलेकींच्या, आणि नव्याने जोडलेली बादली साहेबांची. बादलीला ते कुणाला हात लावू देत नाहीत, त्यामुळे जिनाही आता रोज तेच धुतात. गेल्या आठवड्यात ते मेहुणीकडे माफी मागायला गेले होते. तिने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "सोमवारी या."

तुम्हाला हसू आलं असेल. हसा की. फक्त ज्या खुर्चीत बसून हसताय, तिची पावती एकदा शोधून ठेवा. नाही सापडली, तर 'अगं, ती पावती कुठंय?' असं बसल्या जागेवरून ओरडू नका. आतून विचारणा होईल : "कोण आपण?"