पन्नास मीटर कृष्णधवल

फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांची मला कीव येते, हे आधीच सांगून टाकतो. बोट लावलं, झालं! माकडाच्या हातात फोन दिला तर तेही करील. मी मात्र किल्लीच्या जुन्या कॅमेऱ्यावर, खऱ्याखुऱ्या कृष्णधवल फिल्मवर चित्रीकरण करतो. हा कॅमेरा माझ्या जन्माच्या आधीचा आहे. किल्ली दिली की अर्धा मिनिट चालतो आणि दमतो. बायको म्हणते, "अगदी तुमच्यासारखा." लोकांना कलेतलं काही कळत नाही.

तर आमच्या सासूबाई सहासष्टाव्या वर्षी पोहायला शिकल्या. चार महिने रोज नाकातोंडात पाणी गेलं, पण बाई हटल्या नाहीत. कारण एकच, त्यांची थोरली बहीण. या मावशींनी लहानपणापासून त्यांना ऐकवलं होतं, "तुला बादलीत सोडलं तरी बुडशील!" शेवटी एका सकाळी प्रशिक्षक म्हणाले, "आज पन्नास मीटर, न थांबता."

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, हे ताईला दाखवायचंय. परत जमेल की नाही कुणास ठाऊक. नीट घ्याल ना?"

"आई, तुम्ही निर्धास्त पोहा!"

तेवढ्यात बायकोने पर्समधून फोन काढला.

"आत ठेव तो!" मी कडाडलो.

"अहो, जोडीला असू दे की."

"जोडीला? गवयाच्या जोडीला कुणी शिट्टी वाजवतं का?"

तिने कपाळाला हात लावला आणि फोन आत ठेवला.

सासूबाई पाण्यात उतरल्या. मी कॅमेरा सुरू केला. त्या निम्म्यावर आल्या आणि किल्ली संपली!

"आई, जरा थांबा!" मी ओरडलो. "किल्ली देतोय!"

"थांबल्या तर बुडतील ना!" प्रशिक्षक माझ्यावर खेकसले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं तलावातल्या शेवाळाकडे पाहावं.

सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांचा हात पलीकडच्या काठाला लागला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि बायको रडत होती. शेवटचे दहा मीटर मात्र मी पुन्हा पकडले.

फिल्म धुवायला आणि स्कॅन करायला पाठवली. तीन आठवड्यांनी स्कॅनवाल्याचा फोन आला.

"साहेब, एकेक चौकट नीट उतरवली आहे. आमच्या मशीनचा काही दोष नाही, एवढं लक्षात ठेवा."

भारावला होता बिचारा! मी फाइल आधी उघडूनही पाहिली नाही. अशी गोष्ट चारचौघांतच पाहायची असते.

रविवारी मावशी आल्या. सगळे टीव्हीसमोर बसले, मी छोटंसं भाषण केलं आणि फिल्म लावली.

पडद्यावर आमचीच बैठकीची खोली! सोफ्यावर सासरेबुवा पेपर वाचत बसलेले. एवढ्यात पुस्तकांच्या कपाटातून सासूबाई बाहेर आल्या. हात मारत मारत त्या घड्याळाखालून गेल्या आणि थेट सासरेबुवांच्या पेपरात शिरल्या. सासरेबुवांनी शांतपणे पान उलटलं.

आता खुलासा करतो. आमची फिल्म एकदा चालवली की तिची अर्धी रुंदी भरते. मग रीळ उलटं घालून उरलेली अर्धी भरायची. दोन फेऱ्या, बस्स! तिसऱ्यांदा घातलं तर जुन्या चित्रावरच नवं चित्र उमटतं. भरलेलं रीळ आणि कोरं रीळ माझ्याकडे एकसारख्या डब्यांत शेजारी शेजारी होती. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं हे हौशी लोकांचं काम, असं माझं मत होतं.

"म्हणजे तू पोहलीस कुठे?" मावशींनी विचारलं. "सोफ्यावर?"

"तलावात गं, ताई! पन्नास मीटर!"

"पाणी तर कुठे दिसत नाही. भावोजी मात्र हुबेहूब आलेत. बायको बुडाली तरी पान उलटतील!"

"काय झालं?" सासरेबुवांनी पेपर खाली घेत विचारलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते, आणि मला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. बाईंच्या चार महिन्यांच्या मेहनतीवर मी अक्षरशः पाणी फिरवलं होतं.

मग त्या उठल्या. टॉवेल घेतला. "चल ताई. आत्ताच्या आत्ता. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

मी सवयीने कॅमेरा उचलला.

"तो ठेवा!" तिघी एकदम ओरडल्या.

तलावावर सासूबाई पुन्हा पाण्यात उतरल्या. निम्म्यावर त्यांचा दम तुटला, डोकं खाली गेलं. मावशी ताडकन उठून काठाशी धावल्या. "अगं हात मार! मार हात! मी आहे इथे!"

सासूबाईंनी हात मारला. मग दुसरा मारला. आणि पोहोचल्या!

मावशींनी पदराने डोळे पुसले. "बादली मोठी होती म्हणून तरलीस," असं म्हणाल्या आणि तडक खिडकीवर जाऊन पोहण्याच्या वर्गाचा अर्ज मागितला.

"दोन द्या," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

आज तीन आठवडे झाले, मी उथळ बाजूला कठडा धरून पाय मारतोय. मावशींनी कालच कठडा सोडला. जाता जाता म्हणाल्या, "जावईबापू, सोडा आता! कठडा काही पळून जात नाही!"

सोडणार आहे. बहुधा पुढच्या महिन्यात.