वाढत्या अंगाचं माप

प्रकृतीला नोंदीशिवाय अस्तित्व नसतं. ज्याची नोंद नाही तो माणूस धडधाकट असला, तरी त्याचा उपयोग काय? आमच्या लहानपणी लोकांना एवढी जाण नव्हती. वर्षातून एकदा एक डॉक्टर शाळेत यायचे, जीभ दाखवायला सांगायचे, "हं" म्हणायचे आणि पुढच्या जिभेकडे वळायचे. त्या "हं"वर आमची अख्खी पिढी वाढली. (त्यातल्या बऱ्याचजणी अजून जिवंत आहेत, पण कशाच्या आधारावर, ते कोणी दाखवू शकणार नाही.)

आता तसं राहिलेलं नाही. पोटाभोवती साठणारी चरबी शाळकरी वयातच पुढच्या साखरेची आणि रक्तदाबाची तयारी करत असते, हे शास्त्राने सांगितलं आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, इतका साधा नियम. मला तो मनापासून पटतो. इतकी चांगली गोष्ट एकट्यादुकट्याला बिघडवता येत नाही. त्यासाठी संस्था लागते.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेने हे काम अंगावर घेतलं. मुलं अकराशे चाळीस. उंचीसाठी भिंतीवर पट्टी रंगवलेली होतीच, ती एका आठवड्यात झाली. अडचण कमरेची. कवायतीचे सर एकटे, मुली निम्म्याहून जास्त, आणि सरांनी मुलींच्या कमरेला टेप लावावी हे कोणालाच मान्य नव्हतं, सरांना तर मुळीच नाही. शिक्षिकांना परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तेव्हा सरांच्या लक्षात आलं की शाळेतल्या बहुतेक कंबरा आधीच लिहून ठेवलेल्या आहेत, गणवेश शिवणाऱ्या दुकानातल्या मापाच्या वहीत.

ते दुकान माझं. सर वही मागायला आले तेव्हा मला कौतुक वाटलं. बेचाळीस वर्षांत माझ्या वहीला कोणी शास्त्र म्हटलं नव्हतं. मी ती फडक्याने पुसून दिली.

आता शिवणाऱ्या बाईच्या वहीत कंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. आई मुलीला घेऊन येते. मी टेप लावते, "चोवीस" म्हणते. आई म्हणते, "दहावीपर्यंत पुरायला हवा हं, ताई." मग मी तीस लिहिते. याला वाढत्या अंगाचं माप म्हणतात. स्कर्टला दोन हूक लावते, एक आजचा आणि एक दहावीचा. मधले सहा इंच मुलीचे नसतात, आईच्या काटकसरीचे असतात. सरांनी हे विचारलं नाही, आणि मला वाटलं, शिकलेल्या माणसाला एवढं ठाऊक असणारच.

महिन्याभरात अहवाल आला. सातशे दोन मुलांना चयापचयाचा धोका. त्यातले बारकावे तर वाचण्यासारखे होते. धोका आठवीत सर्वांत जास्त आणि दहावीत जवळजवळ नाहीसा, म्हणून "दहावीच्या अभ्यासाचा चरबीवर हितकारक परिणाम होत असावा", असं अनुमान काढलं होतं. (दहावीत कोणी वाढत्या अंगाचं शिवत नाही.) थोरल्या भावंडांना धोका फार, धाकट्यांना अजिबात नाही. धाकट्यांच्या अंगावर थोरल्यांचे कपडे असतात, त्यामुळे वहीत त्यांची नोंदच नव्हती आणि सरांनी त्या रकान्यात शून्य भरलं होतं. थोडक्यात, शाळेतल्या दोनशे अकरा मुलांना कंबर नाही आणि त्यांची प्रकृती आदर्श आहे.

एका मुलाला वर्गात ढोल्या म्हणतात. त्याच्या आईला सगळं फिटिंगचं लागतं, म्हणून त्याचं माप मी श्वास आत ओढायला लावून घेतलं होतं. त्याला हिरवं कार्ड मिळालं, म्हणजे धोका नाही; धोका असलेल्यांना लाल. एक जिना चढला की तो पायरीवर बसतो. मानेवर काळपट वळी आली आहे, घासून निघत नाही म्हणून आई त्याला रागावते. डॉक्टरने ती एकदा पाहिली असती तर बरं झालं असतं, पण कार्डावर मानेसाठी जागा नव्हती.

आणि माझी नात. आठवीत आहे, घरात तिला सगळे काडी म्हणतात. तिचं कार्ड लाल. उंची अठ्ठावन्न इंच, कंबर तीस, धोका तीव्र. ते तीस माझंच होतं. माझ्या सुनेने सांगितलं आणि मी लिहिलं.

लाल कार्डवाल्यांना मधल्या सुट्टीत वेगळा बाक असे आणि अर्धा डबा न खाता घरी न्यावा लागे. उरलेला अर्धा शाळा सुटताना फाटकात दाखवायचा.

"आजी, मी इतकी जाड आहे?" काडीने विचारलं.

"अगं, ती स्कर्टची कंबर आहे. तुझी चोवीस. हा बघ आजचा हूक."

"पण कार्डावर तीस आहे."

"ते मी लिहिलंय."

"मग खरंच असणार ना," ती म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी मी टेप गळ्यात घालूनच शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"आजी, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण ते कापडाचं माप आहे, पोरीचं नाही."

"मग पोरीचं कुठे आहे?"

"पोरीच्या कमरेला. बोलवा, दोन मिनिटांत घेते."

"असं मध्येच साधन बदलता येत नाही," कवायतीचे सर म्हणाले. "पहिली नोंद वहीतली, तर पुढच्याही वहीतल्याच. नाहीतर तुलना कशी करायची?"

"बरं, मग मी वहीत चोवीस करते."

"एका दिवसात सहा इंच?" बाई दचकल्या. "तेवढ्या वेगाने घट झाली की मुलीला रुग्णालयात पाठवावं लागतं, आजी. तपासणीच्या पत्रकात आहे. महिन्याला एक इंच सुरक्षित."

त्यांचं बरोबर होतं. वही दर महिन्याला माझ्याकडे येऊ लागली. पहिल्या तारखेला मी दुकानात बसले, तीस खोडून एकोणतीस लिहिलं, सही केली. पुढच्या महिन्याला अठ्ठावीस. माझ्या हातून इतकं शिस्तशीर आरोग्यकार्य कधी झालं नव्हतं.

इकडे काडीही आपल्या परीने काम करत होती. आधी डबा अर्धा आला, मग पूर्ण यायला लागला. सून म्हणाली, वयच तसं आहे. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि कार्डावरची उतरती रेघ पाहून तिला शाबासकी दिली. पाचव्या महिन्यात ती कवायतीच्या रांगेत चक्कर येऊन पडली. सरांनी तिला सावलीत बसवलं आणि "व्यायामात सहभाग: उत्तम" असं लिहिलं.

वहीत ती अठ्ठावीसलाच उंचीच्या निम्म्याखाली गेली होती, पण लाल कार्ड सहा महिन्यांच्या देखरेखीशिवाय बदलत नसे. सहाव्या महिन्यात वहीत चोवीस झाले आणि कार्ड हिरवं झालं. त्याच दिवशी मी घरी तिला टेप लावली. एकवीस. आजचा हूकही घसरत होता. मी पुन्हा बाईंकडे गेले.

"पोरगी जेवत नाही हो."

"आता हिरवं आहे ना? मग जेवायला सांगा की."

"रोज सांगते."

"मग आमच्याकडून काही राहिलं नाही," बाई म्हणाल्या. सहा महिन्यांत सहा इंच, असा तिचा सत्कार ठरला होता.

सत्काराला तिची आत्या आली होती. काडी स्टेजवरून उतरली, स्कर्ट एका हाताने धरून. आत्याने तिला जवळ घेतलं, मग हातभर दूर धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, किती छान बारीक झालीस. आधी कशी गोबरी होतीस." काडी हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली. एवढ्या दिवसांत ती एकच गोष्ट न सांगता घ्यायची, दूध. घरी आल्यावर तेही तिने तसंच ठेवलं.

आत्याला दोष देऊ नका. तिला पत्रक कोणी पाठवलं नव्हतं, रकाने भरायला सांगितलं नव्हतं, तिने नुसती नजर टाकली आणि निकाल लावला. गेल्या खेपेला तुम्ही एखाद्या वाढत्या पोरीला दारात पाहिलंत तेव्हा "सुटलीस गं" म्हणालात की "वाळलीस", तेवढं आठवून पाहा. त्यानंतर ती जेवली की नाही, हे तुम्ही पाहिलं नसणार. तुम्ही तर नोंदसुद्धा ठेवत नाही.