दम्याची सही

फार्मसी कॉलेजला अर्ज करायचा तर बारावीची गुणपत्रिका लागते, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो आणि घरातल्या एखाद्या जुन्या आजाराची शिफारस लागते. पहिले तीन कागद जागृतीने आठवड्याभरात गोळा केले. चौथ्यासाठी घरात आजारच नव्हता.

होता, तो मार्गशीर्षात निघून गेला होता. तिच्या आजोबांचा, सुपडू आबांचा दमा. आबा कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या गावच्या जिनिंगमध्ये रुईच्या ढिगावर काम करायचे, तेव्हा तो एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी आला आणि बत्तीस वर्षं राहिला. जागृती जन्मली तेव्हा तो घरात होताच, म्हणून ती त्याला काका म्हणायची. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी तो आबांच्या छातीतून उठला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "इथं आता मला काम उरलं नाही, सुपडू. येतो." आबा चहा घेऊन जा म्हणेपर्यंत तो खाली उतरून कापसाच्या ट्रॅक्टरवर बसलादेखील. त्या दिवशी आबा सायकलच्या दुकानावरच्या आपल्या खोलीच्या अठरा पायऱ्या न थांबता चढले. वर पोचल्यावर सवयीने जरा वेळ उभे राहिले, कुणी मागून येतंय का ते पाहत.

घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. शिफारशीचं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी आबा आणि जागृती अर्जाच्या कचेरीत गेले. खिडकीशी निकुंभ भाऊसाहेब होते. त्यांनी कागद बोटाला थुंकी लावून उलटले.

"आजार कुठाय?"

"गेला," जागृती म्हणाली. "सहा महिने झाले."

"बरा झाला, असं?"

"हो."

भाऊसाहेबांनी मान हलवली. कुणाच्या घरी वाईट बातमी ऐकावी तशी. "दुसरं काही असेल की घरात."

"आईला पित्त आहे."

"किती वर्षांचं?"

"दोन."

"पाच लागतात."

"शेजारच्या काकूंची साखर आहे, पंधरा वर्षांची. मला चांगली ओळखते."

"शेजारची चालत नाही. एका छपराखालचा हवा."

आबांनी हळूच विचारलं, "साहेब, सर्दी? सर्दी तर येऊन जाऊन असते आमच्याकडे."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाबा, सर्दी सगळ्यांनाच चांगलं म्हणते. तिच्या शब्दाला वजन नाही. आणि भाड्याचा आजार आणायचा विचार असेल, तर तो आताच सोडा. मागच्या सोमवारी एकाने शहरातून संधिवात आणला होता. मी त्याला विचारलं, मुलाचं नाव काय? सांगता येईना त्याला. अर्ज तिथंच बाद." त्यांनी कागद परत सरकवले. "तुमचा मूळ आजार आणा. सही माझ्यासमोर व्हायला हवी. शुक्रवार शेवटचा दिवस, पाचपर्यंत."

घरी आल्यावर जागृती रडली नाही. पुढच्या वर्षी भरीन, एवढंच म्हणाली. तिची आई सुनंदा भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "मग वर्षभर रिकामी बसू नको. सुरतेला मामाकडे जा. साड्यांना खडे चिकटवायला माणसं हवीत त्यांना."

"जाईन," जागृती म्हणाली.

मग ती उठली आणि फळीवरचे आबांचे दम्याच्या औषधाचे दोन्ही पंप खाली घेऊन त्यांच्यावरच्या तारखा वाचू लागली. दर बुधवारी वाचायची. दमा गेला म्हणून तिने ते सोडलं नव्हतं.

आबा बघत बसले. एका पंपाला लाल दोरा बांधलेला होता, तो रोज सकाळचा. दुसऱ्याला सरकीचा एक दाणा चिकटवलेला होता, तो अडीअडचणीचा. आबांना वाचता येत नव्हतं. जागृती अकरा वर्षांची असताना एकदा दुपारी त्यांचा श्वास कोंडला आणि त्यांनी घाबरून सकाळचाच पंप तोंडाला लावला, पुन्हा पुन्हा लावला. ती शाळेतून आली, तिने त्यांच्या हातातली डबी काढून घेतली, वरचं वाचलं, दुसरी दिली. संध्याकाळी आबा माणसांत आल्यावर ती त्यांच्याच जुन्या सदऱ्याच्या खिशात सरकी शोधत बसली. जिनिंगच्या माणसाच्या खिशात सरकी सापडतेच. "आबा, आता डोळे मिटले तरी बोटांना कळेल," ती म्हणाली होती. औषधाच्या दुकानात उभं राहायचं हे तिने त्याच दिवसापासून धरलेलं होतं.

अशी पोरगी साड्यांना खडे चिकटवणार. आबांना जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी ते कुणाला न सांगता निघाले. दमा कुठं असेल हे त्यांना विचारत फिरावं लागलं नाही. बत्तीस वर्षं एका छातीत राहिलेल्याचं माहेर आपल्याला ठाऊक असतं. बारा वर्षं बंद असलेल्या जिनिंगच्या फाटकातून ते आत गेले. मोठ्या शेडमध्ये जुन्या रुईचा काळपट ढीग होता आणि त्यावर दमा बसला होता. अंगावर करड्या रंगाची शाल, उन्हाळ्यातही तशीच. फुटक्या पत्र्यातून वारा येत होता, त्याच्याबरोबर तो बारीक शीळ घालत होता.

"सुपडू," तो म्हणाला. "लांब उभा राहा. सवयीने धाप लागेल तुला."

आबा लांब, उंबऱ्यावर बसले. "कसा आहेस?"

"आहे. कुणी येत नाही इकडे. एक मांजर होतं, तेही शिंकून गेलं." दम्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू बरा दिसतोस. वजन वाढलं."

"सुनंदा तूप वाढते."

मग आबांनी अर्जाचं सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं, खड्यांचंही सांगितलं. दम्याने सगळं ऐकून घेतलं.

"सही करीन," तो म्हणाला. "पोरीचा हक्क आहे. पण यायचं कसं? मला पायी चालता येत नाही. गेलो तेव्हा कापसाचा हंगाम होता, ट्रॅक्टर मिळाला. आता ज्येष्ठात कुठला ट्रॅक्टर? मी छातीत बसूनच येऊ शकतो."

"म्हणून तर मी आलो."

"विचार कर. एकदा बसलो की मला आवडायला लागतं. मग उठवत नाही. मागच्या वेळी बत्तीस वर्षं गेली."

आबांनी विचार केला. तसा तो त्यांनी रस्त्यातच केला होता. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. "ये," ते म्हणाले.

घराच्या अठरा पायऱ्यांना त्यांना चार ठिकाणी थांबावं लागलं. शीळ आधी वर पोचली. जागृती दारात आली.

"आबा, कुणाला आणलंत?"

"काकाला."

तिचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला नको तो अर्ज. सुरतेला जाते म्हटलं ना मी? सहा महिने नीट झोपत होतात. आता परत सगळं..."

"जागृती," आबांच्या छातीतून दमा म्हणाला, "आधी पंप दे, मग भांड. मी माझं काम करतोय. तू तुझं कर."

आबांचा हात फळीकडे गेलाच होता. बोटांना सरकी लागली. जागृतीने त्यांना खुर्चीत ताठ बसवलं, दोन वेळा पंप दिला, मधे मिनिटभर थांबायला लावलं. मग ती त्यांच्या गुडघ्याशी बसून राहिली. पुढे ती भांडली नाही, पण दम्याशी बोललीही नाही.

शुक्रवारी तीन वाजता तिघे कचेरीत पोचले. भाऊसाहेबांनी खिडकी लोटून घेतली, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "सहीपुरतं बाहेर या."

दमा बाहेर येऊन बाकावर बसला. आबांना मोकळा श्वास आला. तो किती वेळाचा, ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो जपून घेतला.

"उमेदवाराला किती वर्षं ओळखता?"

"जन्मापासून."

"उमेदवाराने तुम्हाला त्रास दिला का?"

"दिला."

"सविस्तर सांगा."

"माझी गोधडी उन्हात टाकायची," दमा म्हणाला. "घर कोरडं झाडू द्यायची नाही, ओलं फडकं मारायची. चुलीजवळची सुपडूची खाट मला न विचारता खिडकीशी नेली. पंप घेतला की सुपडूला चूळ भरायला लावायची. कंटाळा नाही. मी म्हणायचो, एखाद दिवस विसरेल. सात वर्षांत विसरली नाही. आणि ती सरकी. आधी माणूस घाबरायचा, डब्या चाचपायचा, तेवढा वेळ माझा असायचा. सरकीनंतर तोही गेला."

जागृती खाली बघत होती.

"उमेदवार तुम्हाला घाबरते का?"

"घाबरते. पण घाबरली की आधी डबीवरचं वाचते."

भाऊसाहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. "शेरा काय लिहू? समाधानकारक?"

"माझ्याकडून असमाधानकारक लिहा."

"तेच लागतं," भाऊसाहेब म्हणाले. "सही."

"लिहिता येत नाही. सुपडूसारखाच."

"डावा अंगठा चालेल."

दम्याने अंगठा उठवला. कागदावर कापसाच्या बोंडासारखा करडा ठसा आला. भाऊसाहेबांनी त्याच्यावर फुंकर मारली आणि खोकले.

"रकाना नऊ. सहीनंतर आजाराचा कायमचा पत्ता?"

दमा आबांकडे बघत राहिला.

"कोरा सोडता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सध्या 'प्रवासात' लिहितो." त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला आणि पोच फाडून जागृतीच्या हातात दिली. पाचला अजून दीड तास होता.

दमा परत आबांच्या छातीत बसला. जिनिंगचा रस्ता दहा मिनिटांचा होता, त्यांना पाऊण तास लागला. फाटकाशी आल्यावर आबा थांबले. जागृतीही थांबली.

"काका, उतरा," ती म्हणाली. कालपासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. पाच झाली. आबांचे खांदे वर चढू लागले.

"इथं एकट्याला करमत नाही, सुपडू," दमा म्हणाला. "छातीत ऊब असते."

आबांना ते माहीत होतं. बारा तासांची पाळी संपवून या फाटकातून बाहेर पडताना आपल्यालाही कुणी तरी सोबत असावं असं वाटायचं, ते त्यांना आठवलं. राहा मग, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

जागृतीने ते ओळखलं. आबा कुणालाच नाही म्हणत नाहीत, हे तिला अठरा वर्षं ठाऊक होतं. ती त्यांच्यासमोर आली. "आबा, बोलू नका. नाकाने घ्या. आता ओठ मिटत आणा आणि हळूहळू सोडा. समोर पणती आहे समजा, ती हलली पाहिजे, विझता कामा नये."

आबांनी तसं केलं. एकदा केलं, दोनदा केलं. ती बोटांवर मोजत होती. सातव्या वेळी श्वास लांबच लांब गेला आणि त्याच्याबरोबर दमा बाहेर आला, शाल सावरत. फाटकाच्या आत जाऊन उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता.

"हे शिकवलं कुणी तुला?"

"पुस्तकात होतं."

"बघ," दमा आबांना म्हणाला. "अजून कॉलेजात गेली नाही."

जागृतीने फाटकाची कडी लावली. मग गजाला धरून ती म्हणाली, "काका, कॉलेज सुरू झालं की दर रविवारी येईन. बाहेरूनच बोलेन, तोंडाला फडकं बांधून."

"ये. माझ्याबद्दल काय काय शिकवतात, ते सांग."

"सांगेन."

घरी आबा अठरा पायऱ्या सरळ चढले. वर पोचल्यावर मागे वळून पाहायला ते थांबले नाहीत. "झालं का?" सुनंदाने विचारलं. "झालं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून नुसताच श्वास घेत राहिले. तिने चहा आणून ठेवला तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. जागृतीने पोच फळीवर, दोन पंपांच्या मधे उभी करून ठेवली. सुरतेचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. सोमवारी ती एकटीच कचेरीत जाऊन रकाना नऊमध्ये जिनिंगचा पत्ता लिहून आली.

श्रावणात कॉलेज सुरू झालं. पहिल्या रविवारी जागृती तोंडाला फडकं बांधून फाटकाशी उभी राहिली आणि तिने श्वसनावरचा धडा मोठ्याने वाचून दाखवला. आबा रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीवर बसून होते. दम्याने धडा शेवटपर्यंत ऐकला आणि त्यातल्या दोन चुका सांगितल्या. तिने त्या ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या.